सेतू केंद्राच्या जीमेलवर फालतू मेलचा भडिमार होतो आणि कामाचे मेल स्पॅममध्ये जातात. नियम कसे लावायचे?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की दारव्हा तालुक्यात तुमचं आपले सरकार सेवा केंद्र आहे आणि आसपासच्या गावांचे अर्ज एकाच जीमेलवरून जातात. रोज लोन, नोकरी, लॉटरीचे मेल पडतात, आणि एका शेतकऱ्याच्या अर्जाची त्रुटी कळवणारा मेल मात्र स्पॅममध्ये सापडला. ही दोन वेगळी कामं आहेत. कामाचा मेल वाचवणं हे पहिलं, कचरा काढणं नंतर. बहुतेक लोक उलटं करतात आणि त्यातच अर्ज बुडतो.

नियमाला जीमेलमध्ये फिल्टर म्हणतात. मोबाइलच्या जीमेल ॲपमध्ये तो बनवता येत नाही, केंद्राच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा. एकदा बनला की तो गूगलच्या सर्व्हरवर चालतो, त्यामुळे लाइन गेली, कॉम्प्युटर बंद असला, तरी मेल येताक्षणीच छाटला जातो आणि मोबाइलवरही तसाच दिसतो.

वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला रेघा आणि गोळ्यांचं छोटं चिन्ह आहे. ते दाबलं की फ्रॉम, टू, सब्जेक्ट, हॅज द वर्ड्स असे रकाने उघडतात. रकाने भरा, पण क्रिएट फिल्टर लगेच दाबू नका. आधी सर्च दाबा. जुने जे मेल समोर येतील, तसलेच मेल पुढे हा नियम पकडणार आहे. त्यात नको तो मेल दिसला तर नियम चुकलाय, दुरुस्त करा. सगळं ठीक असेल तर तेच चिन्ह पुन्हा दाबून क्रिएट फिल्टर दाबा, म्हणजे पुढचं पान उघडतं. ही पायरी कोणी करत नाही आणि निम्मा गोंधळ इथेच होतो.

आता वाचवायचे मेल. स्पॅममध्ये गेलेला खरा मेल उघडा, 'नॉट स्पॅम' दाबा, आणि पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, म्हणजे ॲटच्या चिन्हाआधीचा आणि नंतरचा दोन्ही भाग, कॉपी करून फ्रॉममध्ये टाका. पुढच्या पानावर 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' आणि 'अप्लाय द लेबल' यांवर खूण करा. लेबलचं नाव 'अर्ज' ठेवा, मराठीत चालतं. महाडीबीटी, पीक विमा, बँक, ज्यांचे खरे मेल तुमच्याकडे आधी आलेले आहेत त्यांचेच पत्ते घ्या.

पूर्ण पत्ता का, ते नीट समजून घ्या. फ्रॉममध्ये नुसतं 'महाडीबीटी' टाकलं तर जीमेल पाठवणाऱ्याचं दिसणारं नावही जुळवतो. ते नाव कोणालाही काहीही ठेवता येतं. म्हणजे एखाद्या भामट्याने नाव महाडीबीटी ठेवून मेल टाकला, तर तुमचाच नियम त्याला स्पॅममधून उचलून इनबॉक्समध्ये बसवेल. नुसतं 'जीओव्ही डॉट इन' टाकणंही तितकंच धोक्याचं, कारण खोट्या पत्त्यातही हे शब्द मध्येच कुठेतरी घुसवलेले असतात. पत्ता नेहमी शेवटाकडून वाचा, सरकारी असेल तर जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन हे शेवटीच हवं. बँकांच्या वेबसाइटसाठी रिझर्व्ह बँकेने बँक डॉट इन असा शेवट ठरवून दिला आणि त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली होती, त्यामुळे मेलमधल्या बँकेच्या लिंकमधलं वेबसाइटचं नाव भलतीकडेच संपत असेल तर तिला हात लावू नका.

कचऱ्याकडे वळू. एकेका भामट्याचा पत्ता घेऊन नियम बनवण्यात वेळ घालवू नका, तो उद्या नवीन पत्त्यावरून येतो. त्याच्यासाठी 'रिपोर्ट स्पॅम' पुरे. आणि अशा मेलच्या तळाशी असलेली अनसबस्क्राइबची लिंक दाबू नका, तुमचा पत्ता जिवंत आहे हे त्याला त्यातून कळतं. बियाणं, खत, मोबाइल विकणाऱ्या खऱ्या कंपन्यांच्या जाहिराती मात्र पाठवणाऱ्याच्या नावाजवळ जीमेल स्वतः जे अनसबस्क्राइब बटण दाखवतो त्यानेच बंद करा. 2024 पासून गूगलने दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना जाहिरातींसाठी एका क्लिकमध्ये बंद करण्याची सोय सक्तीची केली आहे.

फिल्टरचा खरा उपयोग एकाच साच्यातल्या मेलसाठी. लोनचंच घ्या. हॅज द वर्ड्समध्ये नुसतं 'लोन' टाकलं तर बँकेचा पीक कर्जाचा मेलही गायब होईल, आणि आपल्याकडे खरिपाच्या तोंडावर तो मेल चुकणं परवडत नाही. म्हणून पूर्ण शब्दसमूह दुहेरी अवतरणात टाका, 'इन्स्टंट लोन', 'प्री-अप्रूव्ह्ड लोन' असे, मेलमध्ये जसे इंग्रजीत येतात तसेच. दोघांच्या मध्ये ओआर, तोही मोठ्या एबीसीडीत, नाहीतर जीमेल त्याला पर्याय मानत नाही. या सगळ्याला कंस घाला, आणि कंसाबाहेर जागा सोडून क्रॉप आणि केसीसी हे शब्द लिहा. दोन्ही शब्दांच्या आधी वजाचं चिन्ह, शब्दाला चिकटून. म्हणजे किसान क्रेडिट कार्डाचा मेल या नियमातून सुटेल.

अपवाद त्याच नियमात लिहायला सांगतोय ते यासाठी की आधीचा नियम लागला म्हणून पुढचा थांबला, असं जीमेलमध्ये होत नाही. मेल ज्या ज्या नियमांत बसतो ते सगळे त्याला लागतात. आउटलुकमध्ये नियम वर-खाली करता येतात आणि एकावर थांबवताही येतं, इथे ती सोय नाही.

मराठी शब्दांचा नियम लावाल तर आणखी एक. जीमेल अख्खा शब्द जुळवतो. 'कर्ज' टाकून 'कर्जासाठी' पकडलं जाईल यावर विसंबू नका, दोन्ही रूपं ओआर लावून लिहा.

पुढच्या पानावर 'डिलीट इट' सुरुवातीला नकोच. 'स्किप द इनबॉक्स' आणि 'लोन-कचरा' असं लेबल लावा. दोनेक आठवडे ते लेबल उघडून बघा, चुकून काही कामाचं त्यात पडत नाही याची खात्री झाली की मगच नियम बदलून डिलीट करा. 'ऑल्सो अप्लाय' ही शेवटची खूण जुन्या मेललाही नियम लावते. लेबलसाठी ती उत्तम, पण डिलीटसोबत लावली तर नियमात बसणारे जुने सगळे मेल एका झटक्यात ट्रॅशमध्ये जातात.

स्पॅम आणि ट्रॅश दोन्हीकडचे मेल 30 दिवसांनी आपोआप कायमचे पुसले जातात. साध्या शोधात ते दिसतही नाहीत, त्यामुळे मेल आलाच नाही असं वाटतं. म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी, गर्दी व्हायच्या आधी, स्पॅम एकदा उघडून बघायचंच. त्रुटी दुरुस्तीला मुदत असते आणि मेल पुसला गेला तर नुकसान शेतकऱ्याचं होतं.

केंद्राच्या कॉम्प्युटरला चार जणांचे हात लागतात, म्हणून हेही आजच तपासा. सेटिंग्जमध्ये 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' उघडा, तिथे तुम्ही न बनवलेला एखादा नियम आहे का बघा. खातं हाती लागलं की भामटे गुपचूप असा फिल्टर लावतात, की बँकेचा किंवा ओटीपीचा मेल त्यांच्याकडे फॉरवर्ड व्हावा आणि तुमच्याकडून पुसला जावा. बाजूचा फॉरवर्डिंगचा भागही बघा. अनोळखी पत्ता दिसला तर तो काढा, लगेच पासवर्ड बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

फिल्टर्सच्या याच पानावर नियमांवर खूण करून खाली एक्सपोर्ट दाबलं की सगळे नियम एका छोट्या फाइलमध्ये उतरतात. शेजारच्या गावच्या केंद्रचालकाला ती द्या, त्याने इम्पोर्ट करताना समोर येणारे सगळे नियम आधी वाचावेत, तुमच्या बँक शाखेच्या नियमांवरची खूण काढून मगच बाकीचे चालू करावेत, आणि आपल्या शाखेचा नियम वेगळा बनवावा.