पडद्यामागची काजळी

प्रश्न : वय ६८. डोळ्याच्या पडद्याच्या फोटोत 'लिपोफ्युसिन' साचल्याचं सांगितलं. आयुष्यभर शेतात उन्हात राबले, त्यामुळे का?

उत्तर : ताई, सगळा दोष उन्हाला देऊ नका. प्रकाश पडला की दृष्टिपेशीतला 'अ' जीवनसत्त्वाचा वाकडा रेणू सरळ होतो. दिसण्याची सुरुवात तिथूनच. सरळ झालेले हे रेणू वेळेत उचलले गेले नाहीत, तर दोन-दोन चिकटून पिवळसर गाळ होतो. साचलेला हा गाळ म्हणजेच तुमचं लिपोफ्युसिन. दृष्टिपेशी रोज आपल्या टोकाचा साधारण दहावा हिस्सा टाकतात आणि पडद्यामागचा पेशींचा एकेरी थर तो गिळतो. त्यातलं बाकी पचतं, हा गाळ पचत नाही. त्या पेशी नव्याने तयार होत नाहीत, म्हणून चुलीमागच्या भिंतीसारखी काजळी धरत जाते. ती कमी-जास्त सगळ्यांनाच धरते.

खोडी पुढे आहे. या गाळावर निळा प्रकाश पडला की तो जवळचा ऑक्सिजन चेतवतो, आणि तो ऑक्सिजन पेशीतल्या चरबीला खवट करतो. संरक्षण देणारं मेलॅनिन वयानुसार घटत असतं, ते वेगळंच. तुमचा फोटोही याच गुणावर निघाला : निळा प्रकाश टाकला की गाळ स्वतःच चमकतो. मधोमध गडद ठिपका दिसला असेल, तर घाबरू नका. तिथलं पिवळं रंगद्रव्य (ल्युटीन आणि झिॲझँथिन) निळा प्रकाश अडवतं, म्हणून तो तसा दिसतो.

प्रश्न : बाबांच्या मोतीबिंदूसाठी महागडी पिवळी लेन्स घ्यावी का?

उत्तर : साध्या पारदर्शक लेन्समध्येही अतिनील किरण अडवायची सोय असते. निळा प्रकाश अडवणाऱ्या पिवळ्या लेन्सने पडद्याचा वयानुसार झिजण्याचा आजार टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नका.

प्रश्न : मोबाइलने पडदा जळतो का?

उत्तर : नाही. नवतपातल्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या) दुपारी नागपूरच्या वर्धा रोडवर डोळ्यांवर येणारा उजेड त्याच्या कितीतरी पट असतो. गॉगल तिथे लावा. दुपट्टा डोकं वाचवतो, डोळे नाही.

प्रश्न : ल्युटीनची गोळी सुरू करू का? बिडी ओढतो.

उत्तर : आधी बिडी सोडा. २०१३ साली निकाल आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीपासून १० मिलिग्रॅम ल्युटीन व २ मिलिग्रॅम झिॲझँथिन असलेली गोळी देतात, पण पडद्याच्या झिजेचा आजार मधल्या टप्प्यावर, किंवा एका डोळ्यात पुढच्या टप्प्यावर असेल तरच. जुन्या गोळीतलं बीटा-कॅरोटीन धूम्रपान करणाऱ्यांना घातक, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग वाढवणारं. घरात जुनी बाटली असेल तर लेबल वाचा. बाकीच्यांना पालक, मेथी, मका, अंड्याचा बलक पुरे. (गोळीतलं ल्युटीन बहुधा झेंडूतूनच काढतात. दसऱ्याला दाराला लावतो तोच.) आणि एकेक डोळा झाकून खिडकीचे गज पाहत जा. वाकडे दिसले, तर त्याच आठवड्यात या.