‘काळजी’ ‘काहूर’च्या आधी कशी आली?

प्रश्न : आमच्या वाचनालयाची विषयसूची मी एक्सएमएलमध्ये ठेवते आणि एक्सएसएलटीप्रॉक या प्रोसेसर प्रोग्रॅमने तिची पाने काढते. पाने कशी काढायची ते सांगणारी स्टाइलशीट तीच, नोंदी त्याच. पण जुना संगणक बंद पडला आणि भाच्याने नव्या सर्व्हरवर डॉकरमध्ये अल्पाइन लिनक्स बसवून दिले, तेव्हापासून क्रम बिघडला आहे. पूर्वी काल, काव्य, काशी, कासव, काहूर, काळजी असे यायचे. आता ‘काल’च्या पाठोपाठ ‘काळजी’ येते. ॲलर्जी, ॲल्युमिनियम हे शब्द तर ‘ह्रस्व’च्याही खाली गेलेत. क्रम लावणाऱ्या सॉर्ट सूचनेत भाषेच्या ‘लँग’ला ‘एमआर’, म्हणजे मराठी, दिलेले आहे. प्रोसेसरची जुनी आवृत्ती परत बसवू का?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ताई, जुनी आवृत्ती शोधत बसू नका, दोष तिथे नाही. एक्सएसएलटीप्रॉकला मराठीचा क्रम स्वतःहून कधीच येत नव्हता. ‘लँग’ दिले की तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी लायब्ररीला (सगळ्या प्रोग्रॅमना मूलभूत कामे करून देणाऱ्या भागाला) विचारतो. तुमच्या जुन्या संगणकावर जीलिबसी नावाची लायब्ररी होती आणि तिच्यात मराठीचे लोकेल, म्हणजे त्या भाषेचे नियम, बसवलेले असणार. अल्पाइनमध्ये तिच्या जागी मसल नावाची लायब्ररी असते, आणि भाषेनुसार क्रम लावण्याची सोय मसलमध्ये नाही. विचारले तर ती तक्रारही करत नाही, मुकाट्याने युनिकोडने प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांप्रमाणे शब्द लावून देते. एरर दिसली असती तर तुमचा एवढा वेळ गेला नसता.

युनिकोडचे क्रमांक म्हणजे मराठी वर्णमाला नव्हे. देवनागरीचा तो तक्ता १९८८च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतप्रणालीवरून घेतलेला आहे. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच साचा बसावा म्हणून त्यात ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसवले. आपण मात्र शाळेपासून ‘ह’नंतर ‘ळ’ म्हणत आलो. ‘ॲ’ तर तक्त्यात आला २००८ साली, युनिकोड ५.१मध्ये. तोवर स्वरांच्या रांगेत जागा उरली नव्हती, म्हणून त्याला आकड्यांच्याही पुढचा क्रमांक मिळाला. तुमचे ॲल्युमिनियम तळाला गेले ते त्यामुळे.

डेबियनसारख्या जीलिबसीवाल्या लिनक्सवर मराठी लोकेल बसवले तर बहुधा पूर्वीसारखे दिसेल. तरी मी ते सुचवणार नाही. ऑगस्ट २०१८मध्ये जीलिबसी २.२८ आली आणि तिने क्रमाचे नियमच नव्याने घातले. पोस्टग्रेस डेटाबेस चालवणाऱ्यांना त्या एका अपग्रेडपायी मजकुराचे इंडेक्स पुन्हा बांधावे लागले. वाचनालयाची सूची पुढची वीस वर्षे चालायची आहे. तिचा क्रम कोणाच्या अपग्रेडवर टांगलेला नसावा, तो तुमच्या स्टाइलशीटमध्येच लिहिलेला असावा.

त्याला एक ओळ पुरते. सॉर्टमधून ‘लँग’ काढून टाका, म्हणजे कुठल्याही यंत्रावर निव्वळ युनिकोडचा क्रम मिळेल. मग सिलेक्टमध्ये शब्द थेट न देता ट्रान्सलेट फंक्शनमधून द्या; ते पहिल्या यादीतल्या प्रत्येक अक्षराच्या जागी दुसऱ्या यादीतले त्याच जागेचे अक्षर घालते. ‘ळ’च्या जागी अवग्रह ‘ऽ’, ‘ॲ’च्या जागी ‘ऍ’, ‘ऱ’च्या जागी ‘र’. पहिल्या यादीच्या शेवटी झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे जोडचिन्ह ठेवा आणि दुसऱ्या यादीत त्याच्यासाठी काहीच ठेवू नका, तो आपोआप गळेल. अवग्रहच का? कारण तक्त्यात तो ‘ह’नंतर आणि काना-मात्रांच्या आधी येतो, आणि आपल्या सूचीतल्या शब्दांत जवळजवळ नसतोच. ‘काळजी’ची किल्ली, म्हणजे क्रम लावण्यापुरते बदललेले रूप, ‘काऽजी’ होते आणि ती ‘काहूर’नंतर जाऊन बसते. ‘ॲ’ ‘ए’च्या आधी येतो. हे बदल फक्त किल्लीत होतात, छापला जाणारा शब्द आहे तसाच राहतो.

‘क्ष’ने सुरू होणारे शब्द या पद्धतीत ‘क’च्या शेवटी येतील. काही कोश तसेच लावतात, काही ‘क्ष’, ‘ज्ञ’ अगदी शेवटी नेतात. तुम्हाला शेवटी हवे असतील तर या सॉर्टच्या आधी आणखी एक सॉर्ट घालून त्यात स्टार्ट्स-विथने ‘क्ष’ तपासा. ‘फॉल्स’ आधी, ‘ट्रू’ नंतर, त्यामुळे ते शब्द मागे जातात.

मात्र नोंदी एकदा तपासा. कोणी ‘अ’ला अर्धचंद्र जोडून ‘अॅलर्जी’ टाइप केले असेल तर दिसायला तो शब्द जवळपास तसाच, पण युनिकोडच्या लेखी वेगळा. नॉर्मलायझेशननेही (सममूल्य रूपे एकसारखी करण्याच्या युनिकोडच्या पद्धतीनेही) ते दोन एक होत नाहीत. शोधा-बदला करून एकच रूप ठेवा.

प्रश्न : सॅक्सन हा दुसरा प्रोसेसर घेतला आणि स्टाइलशीटवरची आवृत्ती १.०वरून २.० केली. आता दोन लेखक असलेल्या पुस्तकांवर तो अडतो. शिवाय दाखल क्रमांक देवनागरीत असल्याने १० हा ९च्या आधी येतो. डेटा-टाइपला ‘नंबर’ दिले तर क्रमच लागत नाही.
— एक ग्रंथपाल, नाशिक

उत्तर : १.०मध्ये सॉर्टला दोन लेखक मिळाले तर प्रोसेसर पहिला घेऊन पुढे जायचा. २.०मध्ये सॉर्टच्या किल्लीत एकापेक्षा जास्त गोष्टी चालत नाहीत, म्हणून तो थांबतो. मला हा कडकपणा पसंत आहे, कोणत्या लेखकाने पुस्तक शोधले जावे हे ग्रंथपालानेच ठरवायला हवे. पहिलाच हवा असेल तर चौकोनी कंसात ‘एक’ लिहून तसे स्पष्ट सांगा.

आकड्यांचे असे, की एक्सपाथला (स्टाइलशीटमधली पदे ज्या भाषेत लिहितात तिला) देवनागरी आकडे संख्या म्हणून कळतच नाहीत. ‘१०’ची संख्या करायला सांगितली की उत्तर ‘संख्या नाही’ असे येते. सगळ्याच नोंदींचे तेच उत्तर आले की त्या मूळ फाइलमधल्या क्रमानेच राहतात. इथेही ट्रान्सलेटच कामी येतो : देवनागरी शून्य ते नऊच्या जागी इंग्रजी शून्य ते नऊ द्या, मग नंबर.

सॅक्सनमध्ये २.०पासून काहीही न सांगता युनिकोडचाच क्रम मिळतो, त्यामुळे वर दिलेली अवग्रहाची युक्ती तुमच्याकडेही चालेल. झालान या आणखी एका प्रोसेसरवर ती चालवू नका. तो जावाच्या कोलेटरकडून (शब्दांची तुलना करणाऱ्या भागाकडून) क्रम घेतो आणि तो कोलेटर शब्दांमधली मोकळी जागा मोजत नाही. ‘राम गणेश’ आणि ‘रामदास’ यांचा क्रम लावताना हा फरक लगेच दिसेल.