वाचकांचे प्रश्न : टसरच्या पतंगाचे कूळ

प्रश्न : आमच्याकडे ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाचे कोसे (कोष) घेतात. पावसाळ्याच्या तोंडावर दिव्यापाशी दोन मोठे पतंग आले होते. एक विटकरी आणि दुसरा फिकट पिवळा. दोघांच्याही चारही पंखांवर आरपार दिसणारा एकेक गोल ठिपका होता. या दोन वेगळ्या जाती आहेत काय? तुतीच्या रेशीमकिड्याशी त्यांचे नाते कितपत जवळचे आहे?
— एक वाचक, आरमोरी (जि. गडचिरोली)

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही एकाच जातीची जोडी दिसते, विटकरी तो नर आणि पिवळी ती मादी. टसरच्या पतंगाचे शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा असे असून या जातीचे वर्णन कीटकशास्त्रज्ञ ड्रूरी यांनी १७७३ मध्ये केले. अँथेरिया ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मात्र कीटकशास्त्रज्ञ ह्यूबनर यांनी पुढे १८१९ मध्ये स्थापन केली. तिचा समावेश सॅटर्निडी कुलात होतो, तर तुतीचा रेशीमकिडा बाँबिसिडी कुलातला आहे. दोन्ही कुले एकाच अधिकुलात (कुलांच्या मोठ्या गटात) येत असल्याने नाते आहे, पण ते चुलत घराण्यांचे आहे. दोघेही रेशीम देतात एवढ्यावरून त्यांना सख्खे भाऊ मानण्याची जी पद्धत पडली आहे, तिला वर्गीकरणात आधार नाही.

नर-मादी ओळखताना रंगावर फार विसंबू नये, कारण मादी करड्या रंगाचीही असते आणि नरांतही छटा बदलतात. शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, पाहाव्यात. नराच्या शृंगिका रुंद आणि दाट पिसाऱ्याच्या असतात. शृंगिकेच्या प्रत्येक पेरातून फुटणाऱ्या शाखांवर गंध टिपणारे बारीक केस असतात आणि मादीने रात्री हवेत सोडलेला गंध तो त्यांच्याच जोरावर दुरून ओळखतो. मादीच्या शृंगिका अरुंद, तिचे पोट अंड्यांनी फुगलेले आणि पंख अधिक रुंद असतात. नराच्या पुढच्या पंखाचे टोक कोयत्याच्या पात्यासारखे बाहेर वळलेले असते, मादीचे तेवढे वळत नाही.

आपल्याला दिसलेला गोल ठिपका हे या प्रजातीचे सहज लक्षात येणारे लक्षण होय. त्या जागी पंखावर खवले नसतात, म्हणून पलीकडचे दिसते. भोवती पिवळसर, लालसर आणि काळपट रंगांची बारीक कडी असतात. पुढच्या पंखाची वरची कड बहुधा राखाडी असते आणि टोकाजवळून निघालेली एक रेघ पंखाच्या आतल्या कडेपर्यंत उतरते. या कुलातील इतर पतंगांप्रमाणे अँथेरियाचीही सोंड खुंटलेली असते, त्यामुळे प्रौढ पतंग काहीही खात नाही. अळीने साठवलेल्या चरबीवर तो थोडे दिवस जगतो, आणि त्यातच मीलन व अंडी घालणे उरकते.

अळी हिरवी, जाडजूड आणि अंगावर गाठी असलेली असते. चार वेळा कात टाकल्यावर ती कोष विणते. टसरचा कोष टणक असतो आणि त्याचा देठ फांदीभोवती कड्यासारखा घट्ट वळवलेला असतो. एवढ्या टणक कोषातून पतंग बाहेर येतो, तो तोंडापाशी स्रवलेल्या विकराने (एन्झाइमने) धाग्यांवरचा डिंक सैल करून.

याच प्रजातीत आसामातील मुगा रेशमाचा अँथेरिया असामेन्सिस, चीनमधला ओकवर वाढणारा पर्नी, जपानचा यामामाई आणि उत्तर अमेरिकेतला पॉलिफेमस हे पतंग येतात. बाह्य रूपात त्यांचे साम्य इतके असूनही गुणसूत्रांचे आकडे चकित करतात. मायलिटा आणि यामामाई यांच्या जोड्या ३१, पर्नीच्या ४९ आणि मुग्याच्या अवघ्या १५. खुद्द मायलिटामध्येही झाड, हवामान आणि प्रदेश यांनुसार अनेक स्थानिक वाण नोंदले गेले आहेत आणि त्यांपैकी एक ‘भंडारा’ या नावानेच ओळखला जातो. कोषाच्या आकारात किंवा रंगात फरक दिसला की नवी जात सापडली असे समजण्याची घाई करू नये, ती याचसाठी.

प्रश्न : सावंतवाडीजवळ हातभर पसरलेला तांबूस पतंग दिसला. त्याच्याही पंखांत पारदर्शक खिडक्या होत्या. तोही टसरचाच का?
— एक वाचिका, सावंतवाडी

उत्तर : खिडक्या त्रिकोणी असतील आणि पुढच्या पंखाचे टोक सापाच्या डोक्याप्रमाणे भासत असेल, तर तो ॲटॅकस प्रजातीचा, म्हणजे लोकांत ‘ॲटलास’ म्हणून परिचित असलेला पतंग. कूळ सॅटर्निडी हेच, प्रजाती वेगळी. खिडकी गोल असेल तर मात्र अँथेरियाचा विचार करावा. आणि मागच्या पंखांना लांब शेपट्या असतील, तर तो या दोन्हींपैकी नसून ॲक्टियास प्रजातीचा होय.