१२ किलोमीटरच खणलं, मग पृथ्वीचा गाभा द्रव आहे हे कशावरून?

तुमचा प्रश्न असा, की १२ किलोमीटरच्या खाली कुणी गेलंच नाही, तर २,९०० किलोमीटरवर वितळलेलं लोखंड आहे हे कोणी पाहिलं? पाहिलं कोणीच नाही. भूकंपाच्या लहरींनी ते सांगितलं, आणि हा पुरावा मी डोळ्यांनी पाहण्याइतकाच पक्का मानतो.

खणून इथे भागत नाही. रशियातलं कोलाचं विवर १२,२६२ मीटरवर थांबलं. तळाशी १८० अंश तापमान. आपल्या कोयनेजवळ गोठणे इथे ३ किलोमीटर भोक घेतलं, तेव्हा सव्वा किलोमीटर काळा पाषाण संपून थेट ग्रॅनाइट लागला. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे हे सगळं वरचं साल.

भूकंपाच्या आलेखावर आधी पी लहर उमटते, मागून एस. पी खडकाला दाबत-ताणत जाते, एस आडवा हलवते. द्रवाला आडवं ढकललं तर तो परत जागेवर येत नाही, म्हणून एस त्यातून जातच नाही. भूकंप जवळचा असेल तर दोन्हींमधल्या सेकंदांना ८ने गुणा, अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळतं. अशा तीन नोंदणी केंद्रांभोवती त्या-त्या अंतराची वर्तुळं काढली की भूकंपाची जागा सापडते.

आता लांबचे भूकंप घ्या. भूकंपाच्या जागेपासून १०३ अंशांच्या पलीकडे (हे अंतर पृथ्वीच्या मध्याशी होणाऱ्या कोनात मोजतात) थेट एस गायब होते; भूकंप जपानचा असो की चिलीचा. पीसुद्धा १४२ अंशांपर्यंत जवळपास दिसत नाही, कारण गाभ्यात शिरताना तिचा वेग सेकंदाला १३.७ किलोमीटरवरून ८वर येतो आणि ती आत वळते. लहरी न दिसणाऱ्या या पट्ट्याच्या, म्हणजे सावलीच्या, कडेवरूनच गाभ्याची त्रिज्या निघते: ३,४८० किलोमीटर. गाभा आहे हे भूवैज्ञानिक ओल्डहॅमने १९०६मध्ये दाखवलं. १८९७च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करणारा तो हाच. गाभा द्रव असल्याचं ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्रीजने १९२६मध्ये मांडलं. सावलीत मधूनच दिसणाऱ्या क्षीण पी लहरींवरून डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमनने १९३६मध्ये आतला वेगळा गाभा ओळखला.

नवशिका हमखास फसतो ती जागा एसकेएसची. ही लहर प्रावरणात (कवच आणि गाभा यांच्या मधल्या थरात) एस, गाभ्यात पी आणि बाहेर पडताना पुन्हा एस होते. साधारण ८३ अंशांच्या पुढे ती खऱ्या एसच्या आधी पोचते. तिलाच एस धरलं की अंतर चुकतं, आणि १०३ अंशांपलीकडे दिसली की एस गाभ्यातून आरपार आली असं वाटतं. म्हणून पीची वेळ आणि अंतर दोन्ही ताडून पाहायचं.

आणखी एक. कवचाखाली लगेच लाव्हाचा समुद्र असतो असं चित्र अनेकांच्या डोक्यात असतं, ते काढून टाका. प्रावरणातून एस लहर २,९०० किलोमीटरपर्यंत व्यवस्थित जाते. ते घनच आहे.