थंड समुद्रावरची सफर : आधी हिमनदी, मग जहाज

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत, वये ६८ आणि ६४. मुलगा सिॲटलजवळ नोकरीला आहे आणि येत्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. तेव्हाच अलास्काची क्रूझ करावी असे मनात आहे. मुलगा म्हणतो, सिॲटलहून निघणारे जहाज घ्या, म्हणजे कॅनडाचा व्हिसा काढावा लागणार नाही. माझे मेहुणे सर्वांत नवे आणि सर्वांत मोठे जहाज घ्या म्हणतात. पत्नीचे गुडघे दुखतात आणि तिला घाटातल्या एस.टी.तसुद्धा मळमळते. कंपनी कशी निवडावी? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या चिरंजीवांची समजूत आधी दुरुस्त करायला हवी, कारण तिच्यावर पुढचा सगळा बेत अवलंबून आहे. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आजही लागू आहे. त्यानुसार परदेशात नोंदणी झालेल्या जहाजाला अमेरिकेतल्या बंदरावरून प्रवासी घेऊन, मध्ये कोणत्याही परदेशी बंदराला न लागता, त्यांना पुन्हा अमेरिकेतच उतरवता येत नाही. मोठी क्रूझ जहाजे जवळजवळ सगळीच परदेशी नोंदणीची असतात. म्हणून सिॲटलहून सुटणारे जहाजही सफरीत, बहुधा शेवटच्या संध्याकाळी, कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदराला लागते. तुम्ही तिथे उतरा किंवा उतरू नका, भारतीय पारपत्रावर कॅनडाचा व्हिसा हवाच आणि तो नसेल तर सिॲटलच्या धक्क्यावरूनच परत फिरवतात. तेव्हा सिॲटलहून निघा किंवा कॅनडातल्या व्हॅन्कुव्हरहून, कॅनडाचा व्हिसा लागणारच आहे. तो अनेक प्रवेशांचा मागा, अमेरिकेचा व्हिसाही तसाच आहे ना हे पाहा आणि मगच पैसे भरा.

व्हिसाचा प्रश्न असा दोन्हीकडे सारखाच असेल, तर मी तुम्हाला व्हॅन्कुव्हरहून निघायला सांगेन. सिॲटलहून व्हॅन्कुव्हर मोटारीने साधारण तीन तासांवर आहे, सीमेवर रांग असेल तर थोडे अधिक. सिॲटलहून निघालेली जहाजे सहसा व्हॅन्कुव्हर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे उघड्या प्रशांत महासागरातून वर जातात आणि जवळजवळ एक दिवस जहाजाला लाटांचे हेलकावे बसत राहतात. व्हॅन्कुव्हरहून निघालेले जहाज मात्र बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या अरुंद जलमार्गाने जाते. दोन्ही अंगांना देवदार-स्प्रूसचे डोंगर असतात, पाणी बरेचसे तळ्यासारखे असते आणि उघड्या समुद्राचे टप्पे काही तासांचेच येतात. ज्यांना एस.टी.त मळमळते त्यांच्यासाठी हा फरक जहाजाच्या आकारापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी घ्या, तिथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. मळमळीचे औषध मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच न्या, कारण रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर ते त्यांना आधी कळायला हवे.

आता कंपनीविषयी. लोक कंपनी आधी ठरवतात आणि मग तिच्या सफरींतून एक उचलतात. अलास्काच्या बाबतीत हे उलट्या क्रमाने करावे, असे माझे ठाम मत आहे. कोणती हिमनदी पाहायची हे आधी ठरवावे, म्हणजे कंपन्यांची यादी आपोआप आखूड होते.

माझी पहिली पसंती ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानाला आहे. तिथे एका दिवसात दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो आणि हे परवाने ठरावीक कंपन्यांकडेच आहेत. त्यांतला मोठा वाटा हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस या दोन कंपन्यांचा आहे, नॉर्वेजियनची काही जहाजेही जातात. रॉयल कॅरेबियन किंवा सेलिब्रिटी यांची जहाजे उत्तम असली तरी त्यांच्या सफरी सहसा हबर्ड हिमनदीकडे किंवा एंडिकॉट आर्म या खाडीत जातात. हबर्ड ही उत्तर अमेरिकेतली समुद्राला मिळणारी सर्वांत मोठी हिमनदी आहे. तिची लांबी सुमारे १२० किलोमीटर, तर समुद्राकडचे तोंड जवळजवळ दहा किलोमीटर रुंद आहे. दृश्य भव्य खरेच, पण तिथे पोहोचण्यासाठी जहाजाला अलास्काच्या आखातात, म्हणजे पुन्हा उघड्या पाण्यात, जावे लागते. एंडिकॉट आर्मच्याच शेजारच्या ट्रेसी आर्म या चिंचोळ्या खाडीत ऑगस्ट २०२५ मध्ये मोठी दरड समुद्रात कोसळून प्रचंड लाट उसळली होती. तेव्हा कोणत्याही सफरीच्या कार्यक्रमात ते नाव दिसले, तर जहाज प्रत्यक्षात कुठे जाणार आहे हे लेखी विचारून घ्या.

माझी पहिली अलास्का सफर अशाच एका चिंचोळ्या खाडीची होती. सकाळी खाडीच्या तोंडाशी धुके आणि पाण्यावर तरंगणारे बर्फाचे तुकडे इतके दाट होते की कप्तानाने जहाज वळवले आणि हिमनदी न पाहताच आम्ही परतलो. कप्तानाचा निर्णय योग्यच होता. पण मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राहील, हे कलम मी तिकीट काढताना वाचले नव्हते आणि जन्मात एकदाच मिळणारा दिवस हातचा गेला म्हणून त्या रात्री मला अक्षरशः रडू आले होते. ग्लेशियर बे रुंद आहे, तिथे जहाजाला फिरायला जागा आहे. त्यामुळे हुकण्याची शक्यता कमी, नाहीशी नव्हे.

दुसऱ्या खेपेला मी तिथेच गेले. सकाळी उद्यानाचे रेंजर लहान बोटीतून येऊन शिडीने जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. १७९४ मध्ये कप्तान व्हॅन्कुव्हर यांच्या मोहिमेतली माणसे इथे आली तेव्हा उपसागर जवळजवळ नव्हताच, बर्फाची भिंत पार तोंडापर्यंत होती आणि १९१६ पर्यंत ती सुमारे शंभर किलोमीटर आत हटली. आपले जहाज तासन्‌तास ज्या पाण्यावरून आत जाते, ते सगळे तेव्हा बर्फ होते. शेवटी मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबले, इंजिनांचा आवाज मंदावला आणि डेकवरची शेकडो माणसे कुजबुजत बोलू लागली. निळसर भिंतीचा एक कडा निसटताना दिसला, तो पाण्यात पडून तुषार उडाले आणि मग गडगडाट आमच्यापर्यंत आला. त्या प्रदेशातले मूळ रहिवासी, त्लिंगित लोक, या आवाजाला पांढरा गडगडाट म्हणतात. थोड्या वेळाने लाट आली आणि जहाजाच्या अंगाला लागून किणकिणत गेली. तो किणकिणाट बर्फाच्या तुकड्यांचा होता.

आता मेहुण्यांच्या सल्ल्याकडे वळू. सर्वांत मोठ्या जहाजावर घसरगुंड्या, नाट्यगृहे, खरेदीच्या पेठा असतात. नातवंडे बरोबर असती तर मीही तेच सुचवले असते. तुम्हा दोघांना मात्र हवी आहे ती चारही बाजूंनी फिरता येईल अशी उघडी डेक, जहाजाच्या पुढच्या टोकावर उभे राहायची मोकळी जागा आणि लिफ्टपाशी कमी गर्दी. मध्यम आकाराच्या जहाजांवर ही सोय अधिक चांगली असते. बाल्कनीची केबिन परवडत असेल तर अवश्य घ्या, कारण गुडघे दुखत असताना शालीत गुंडाळून, हातात चहा घेऊन बसल्या जागी डोंगर पाहता येतात. डावी बाजू की उजवी, यावर फार डोके शिणवू नका. हिमनदीसमोर जहाज जागच्या जागी गोल वळते आणि दोन्ही बाजूंना दर्शन घडते. जमिनीवर उतरताना धक्क्याला थेट लागणारी बंदरे निवडा. लहान होडीत उतरावे लागत असेल तर तुमच्या पत्नीला ते अवघड जाईल. स्कॅगवे या बंदराला व्हाइट पासची छोटी रेल्वे आहे, सोन्याच्या शोधात लोकांची रीघ लागली होती त्या काळातली, १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली. माथेरानची गाडी ज्यांना आवडते त्यांनी ती चुकवू नये. डब्यात बसूनच खिंड आणि दऱ्या पाहता येत असल्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही.

भाड्याची तुलना करताना बंदर-कर आणि सेवकांसाठी दररोज आकारली जाणारी रक्कम (माणशी साधारण १६ ते २० डॉलर) धरूनच करा. आणि आजारपणात जहाजावरून हलवण्याचा खर्च ज्यात स्पष्ट लिहिलेला आहे, असाच विमा घ्या. जुनो ही अलास्काची राजधानी आहे, पण तिथेसुद्धा बाहेरून रस्त्याने पोहोचता येत नाही. मोठ्या इस्पितळात न्यायचे तर विमानाशिवाय गती नसते आणि तो खर्च कुटुंबाला बुडवू शकतो.

प्रश्न : अलास्कासाठी मे महिना बरा की सप्टेंबर? दोन्ही वेळी भाडे कमी दिसते. शिवाय आमच्या घरी कांदा-लसूणही चालत नाही. – एक वाचक, नागपूर

उत्तर : मे. आग्नेय अलास्काचा पाऊस आपल्या कोकणाला शोभणारा आहे आणि तो उन्हाळ्याच्या अखेरीस वाढत जातो. मे-जूनचे दिवस त्या मानाने कोरडे असतात, डोंगरमाथ्यांवर अजून भरपूर बर्फ असते आणि जूनमध्ये जुनोला अठरा तासांहून अधिक वेळ उजेड असतो. सप्टेंबरच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत. ग्लेशियर बेमधली जॉन्स हॉपकिन्स ही आतली खाडी सीलच्या पिल्लांसाठी उन्हाळाभर क्रूझ जहाजांना बंद असते आणि सप्टेंबरमध्ये उघडते, त्याशिवाय रात्री पुन्हा काळोख्या होतात, म्हणजे उत्तरेचा प्रकाश (ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत उजेड) दिसण्याची आशा धरता येते. नदीत उलट्या दिशेने चढणारे सॅल्मन मासे आणि त्यांच्यासाठी येणारी अस्वले पाहायची असतील, तर मात्र जुलैअखेर ते ऑगस्ट हाच काळ आणि तेव्हा भाडेही चढे असते. हंपबॅक देवमासे हवाईच्या उबदार पाण्यातून खाण्यासाठी इथे येतात आणि उन्हाळाभर दिसतात.

कपड्यांचे म्हणाल तर एकच जाड कोट नेण्याऐवजी एकावर एक तीन पातळ थर आणि वरून पाणी न झिरपणारे जाकीट हेच उपयोगी पडते. नागपूरकरांना थंडीपेक्षा ओल्या वाऱ्याचा त्रास अधिक होईल. कानटोपी आणि हातमोजे मेमध्येही लागतात.

जेवणाची चिंता करू नका, पण ती वेळेवर सांगा. मोठ्या कंपन्यांना शाकाहारी आणि जैन जेवण ठाऊक आहे. प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी लेखी कळवा, पहिल्याच संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटा आणि रोज रात्री दुसऱ्या दिवसाचे पदार्थ ठरवून घ्या. बुफेवर मात्र मासे आणि मांस शेजारीच मांडलेले असते. ते चालणार नसेल तर भोजनगृहातल्या ठरावीक टेबलावरच जेवावे.

प्रश्न : आम्हाला नॉर्वेचे फियोर्ड आणि उत्तरेचा प्रकाश हे दोन्ही एकाच समुद्रसफरीत पाहायचे आहे. जमेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पूर्णपणे नाही, पण बऱ्याच अंशी जमेल. गायरांगेर फियोर्ड (उंच डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) हिरवागार आणि धबधब्यांनी भरलेला पाहायचा तर जून ते ऑगस्ट आणि त्या दिवसांत उत्तरेत बराच काळ काळोखी रात्रच होत नसल्यामुळे आकाशातला प्रकाश दिसण्याची आशा जवळजवळ नसते. दोन्हींचा मेळ घालायचा असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ धरा. तेव्हा रात्री काळोख्या झालेल्या असतात, दिवसाही डोंगर पाहण्याइतका उजेड असतो आणि झाडांवर पिवळा-तांबडा रंग चढलेला असतो.

यासाठी मी चैनीच्या क्रूझपेक्षा हुर्टिग्रुटेनची किनारी बोट सुचवीन. १८९३ मध्ये टपाल, माल आणि माणसे नेण्यासाठी सुरू झालेली ही सेवा आजही नॉर्वेच्या किनाऱ्याने धावते आहे आणि २०२१ पासून हाविला ही दुसरी कंपनीही त्याच मार्गावर आहे. नैर्ऋत्येकडच्या बर्गनहून पार उत्तरेकडच्या किर्कनेसला जाऊन परत यायला बारा दिवस लागतात आणि वाटेत ३४ बंदरे लागतात. आपल्याकडच्या ज्येष्ठांनी मुंबईहून रत्नागिरी-पणजीकडे जाणारी आगबोट पाहिली असेल. बोट थांबायची, पडाव यायचे, सामान आणि माणसे चढायची. तोच जीवनक्रम तिथे अजून चालू आहे, फक्त बोट थेट धक्क्याला लागते. करमणुकीचे कार्यक्रम जवळजवळ नसतात, काही बंदरांत बोट अर्धा तासच थांबते आणि रात्री दोन वाजताही मालाची चढउतार ऐकू येते. ज्यांना हे आवडेल त्यांच्यासाठी यासारखी सफर नाही. ज्यांना रोज संध्याकाळी गाणे-बजावणे हवे त्यांनी मात्र हिच्या वाटेला जाऊ नये.

हुस्टाडविका हा उघड्या समुद्राचा पट्टा शरद ऋतूत खवळतो, तिथे मळमळीची तयारी ठेवा. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, ही पूर्ण सफर होते. पुढे आणखी उत्तरेला स्वालबार्डला जाण्याचा मोह झाला, तर तो द्वीपसमूह नॉर्वेचा असूनही शेंगेन क्षेत्राबाहेर आहे आणि परत येण्यासाठी दुसरा प्रवेश लागतो, म्हणून व्हिसा किमान दोन प्रवेशांचा मागून ठेवा. प्रकाश दिसला की बोटीवर रात्री घोषणा करतात, तेव्हा कोट आणि बूट दाराशीच ठेवून झोपा.