48 व्होल्टच्या सायकलला हब मोटर कुठली लावू, 1000 वॅट गियरलेस की 350 वॅट गियरवाली? आणि कंट्रोलर किती अँपचा?

तुम्ही लिहिलंय की सायकल 26 इंची आहे, 48 व्होल्ट 13 अँपअवरची बॅटरी आधीच घेतलीय, तिचा बीएमएस (बॅटरीला जपणारं आतलं सर्किट, जास्त करंट ओढला की बॅटरी बंद करतं) 20 अँपचा, आणि रोजच्या रस्त्यात दीड किलोमीटरचा चढ लागतो. मी गियरवाली घ्या म्हणेन, आणि कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज सोडणारा डबा, 15 ते 17 अँपचा.

मोटरवर छापलेल्या वॅटवर जाऊ नका, तो आकडा प्रत्येक बनवणारा आपल्या हिशोबाने लावतो. खरी ताकद ठरते कंट्रोलर बॅटरीतून किती अँप ओढतो त्यावर. 48 गुणिले 17 म्हणजे 816 वॅट, आणि 30 अँपचा लावलात तर 1440, पण तुमचा बीएमएस 20 च्या वर सोसणारच नाही. मी पहिल्या सायकलला हेच केलं होतं, मोठा कंट्रोलर छोटी बॅटरी, सपाटीला झकास पळायची आणि चढाच्या मध्यावर थ्रॉटल पूर्ण पिळला की सगळं बंद, डिस्प्लेसकट. मागून गाडी येत असताना असं झालं की जीव जातो हो, म्हणून आधी बॅटरी बघा, मग कंट्रोलर, शेवटी मोटर.

आता चढाचा हिशोब. तुम्ही आणि सायकल मिळून 100 किलो धरू, चढ 8 टक्के, वेग ताशी 15. नुसतं वर चढायलाच सुमारे 330 वॅट लागतात, टायरचं घर्षण आणि वारा धरून 370 च्या आसपास, आणि मोटर 75 टक्के कार्यक्षम धरली तर बॅटरीतून साधारण 500 वॅट, म्हणजे 10-11 अँप. तेही सहाच मिनिटं. 17 अँपमध्ये आरामात बसतं, वर पायडल मारलंत तर अजून सोपं.

गियरवालीत आतली मोटर चाकाच्या साधारण पाचपट वेगाने फिरते, त्यामुळे चाक हळू असलं तरी मोटर हळू पडत नाही. गियरलेस मोटर चाकाबरोबरच फिरते, चढावर वेग 10 च्या खाली गेला की बॅटरीतून घेतलेल्यातला मोठा भाग नुसती उष्णता होऊन जातो. शिवाय ती 5-7 किलोची, आणि बॅटरी संपली की पायडल मारताना ओढ जाणवते. सपाट लांब रस्ता, जास्त वेग, किंवा उतारावर मोटरनेच ब्रेक लावायचा असेल तर मात्र मी गियरलेसच सांगितली असती, तिच्यात झिजायला बेअरिंगशिवाय काही नाही. गियरवालीचे नायलॉनचे गियर कधीतरी बदलावे लागतात, आणि 30 अँप दिलेत तर लवकरच.

विकणाऱ्याला वॅटऐवजी आरपीएम, म्हणजे चाकाचे मिनिटाला फेरे, विचारा, आणि कुठल्या व्होल्टला ते पण. 36 व्होल्टला 250 आरपीएमवाली मोटर 48 ला 333 पर्यंत जाते, म्हणजे लोड नसलेलं चाक ताशी 41 किलोमीटरने, कागदावर छान दिसतं पण चढाला नको. तुम्हाला 48 ला 260 आरपीएमच्या आसपासची पुरे, लोड घेऊन ताशी 26-27 चा वेग मिळतो.

कंट्रोलर साइन वेव्हचा (मोटरला लहरीसारखा सलग करंट देणारा) घ्या, सुरुवातीला घरघर कमी होते. 48 चाच घ्या, म्हणजे बॅटरी 39 ते 42 व्होल्टवर आली की तो स्वतः थांबतो. शक्यतो मोटरबरोबरच घ्या, नाहीतर हॉल सेन्सरच्या (मोटर कुठवर फिरलीय ते सांगणाऱ्या) आणि फेजच्या (मोटरला वीज देणाऱ्या तीन जाड) वायरींची जुळणी करत बसावं लागतं, रंग जुळले म्हणजे क्रम जुळलाच असं नसतं.

आणि टॉर्क आर्म, म्हणजे एक्सल फिरू नये म्हणून फ्रेमला बांधायची पट्टी, लावा, मागच्या चाकाला पण लावा. नट कितीही घट्ट असला तरी एक्सल ड्रॉपआउटमध्ये (फ्रेमच्या ज्या खाचेत तो बसतो तिथे) फिरू शकतो, आणि फिरला की वायरी पिळून तुटतात. ड्रॉपआउटची रुंदी आतून मोजून ठेवा, मागचा बहुतेक 135 मिमी असतो, मोटर मागवण्याआधीच मोजा.