आधी तेलाचा डबा किती दिवस पुरतो ते बघा

प्रश्न : मुलाने पुण्याहून एअर फ्रायर पाठवलाय. त्यातलं तळण खरंच तब्येतीला चांगलं का? सासूबाई म्हणतात, भजे काही भज्यासारखे होत नाहीत. (एक भगिनी, लातूर)

सासूबाईंचं बरोबर आहे, कारण या यंत्रात तळण होतच नाही. आत एक तापणारी तार आणि पंखा असतो. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसची हवा पदार्थाभोवती जोरात फिरते आणि वरचा थर कोरडा करून भाजते. थोडक्यात, ही छोटी भट्टी आहे. भज्याचं पीठ गरम तेलात पडताक्षणी कवच धरतं. इथे ते कवच धरायच्या आधीच जाळीतून ओघळतं. तेव्हा भजे त्यात करूच नका. बटाट्याच्या फोडी, वाफवलेली अळूवडी, कोथिंबीर वडी, चिकनचे तुकडे मात्र छान होतात.

आता तब्येतीचं. फायदा मुख्यतः तेल वाचण्याचा आहे, आणि तो खरा आहे. पावशेराला थोडा कमी, म्हणजे २०० ग्रॅम बटाटा घेतला तर त्यात सुमारे १५० कॅलरी. एक चमचा तेल चोळून यंत्रात ठेवला तर त्यात ४५ कॅलरींची भर पडते. कढईत तळला तर १५ ते २० ग्रॅम तेल सहज आत जातं आणि एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात. म्हणजे तीच ताटली तीनशेच्या आसपास जाते.

पण ही बचत तळणाच्या बदल्यात केली तरच. आधी संध्याकाळी मोड आलेली मटकी किंवा भाजलेले शेंगदाणे खात होतात आणि आता ‘तेल नाही ना’ म्हणून रोज बटाटा, तर तोटाच झाला.

मी प्रत्येकाला आधी एकच विचारते : तुमच्या घरी १५ किलोचा डबा किती दिवस पुरतो? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आदर्श ताटात, दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी, २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार माणसांना दिवसाला १०८ ग्रॅम. म्हणजे डबा साडेचार महिने पुरायला हवा. तुमचा दोन महिन्यांत संपत असेल तर दोष रविवारच्या भज्यांचा नाही. तेल रोजच्या फोडणीत आणि आमटीच्या तवंगात जातंय. तिथे कोणतंही यंत्र मदतीला येत नाही, चमच्याने मोजूनच घालावं लागतं.

प्रश्न : शेतातली करडई घाण्यावरून काढून आणतो. दिवाळीचं तळण त्यातच करावं की एअर फ्रायर घ्यावा? (एक शेतकरी, परभणी जिल्हा)

काका, घरची करडई अजून पेरता हे वाचून फार बरं वाटलं. एके काळी आपल्याकडे ज्वारीच्या कडेने करडईची काटेरी पाटी असायची, जनावर आत शिरत नसे आणि घरचं तेलही व्हायचं. सोयाबीन आलं आणि हे चित्र बदललं.

करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल (तेलातल्या स्निग्धांशाचा एक प्रकार) सत्तर टक्क्यांच्या आसपास असतं. हृदयासाठी ते चांगलं, पण उष्णता आणि हवा लागली की लवकर बिघडणारं. त्यात घाण्याचं तेल लवकर धूर सोडतं. म्हणून ते फोडणीला वापरा, चटणीवर कच्चं घ्या, भाकरीसोबत खा. तळणाला शेंगदाण्याचं तेल घ्या, ते जास्त टिकतं.

करंज्या-अनारशांसाठी यंत्र घेऊ नका. तळण्याची रीत सुधारा. पदार्थ तेलात असताना आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येत असतं, त्यामुळे तेल फारसं आत शिरत नाही. बाहेर काढल्यावर वाफ विरते, आत पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल तिच्यात ओढलं जातं. म्हणून झारा कढईवर क्षणभर धरून झटका, मग लगेच कागदावर काढा. आणि तेल नीट तापू द्या, थंड तेलात पदार्थ तेलकट होतो.

प्रश्न : तळणातलं उरलेलं तेल किती वेळा वापरावं? (नांदेड)

शक्यतो तळायला पुन्हा नकोच. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील ध्रुवीय घटकांची (तेल पुन्हापुन्हा तापून बिघडलं की वाढणाऱ्या घटकांची) मर्यादा २५ टक्के केली आहे. घरी हे मोजता येत नाही, पण तेल काळपट झालं, चिकट झालं, फेस धरू लागलं किंवा लवकर धुरकटलं तर ओळखा. निवलं की गाळून एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवा. जुन्यात नवं तेल ओतायची सवय मात्र सोडा. गाड्यावरचे भजे खाताना कढईत एकदा डोकावून बघत जा. माझ्या मते एअर फ्रायर आणि कढई यांच्यातल्या फरकापेक्षा ताजं तेल आणि दहादा तापवलेलं तेल यांच्यातला फरक मोठा आहे.

प्रश्न : एअर फ्रायरने कॅन्सर होतो असं ऐकलं. (जालना)

भीती अ‍ॅक्रिलामाइड या रसायनाची आहे. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ते खाद्यपदार्थांत आढळल्याचं दाखवलं. बटाटा, ब्रेडसारखे पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजले किंवा तळले की ते तयार होतं. म्हणजे कढईतही होतं, तव्यावरही. माणसांत त्याने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही, पण कमी असलेलं बरं. कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका, गारव्याने त्यातली साखर वाढते. चिरून अर्धा तास पाण्यात ठेवा, कोरडे पुसा आणि सोनेरी रंगावर थांबा. तपकिरी होईपर्यंत नको.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. यातले बटाटे रोज चालतील? (बीड)

नाही. तेल कमी झालं, पिष्ट (स्टार्च) तेवढंच राहिलं. रक्तातली साखर त्यानेच वाढते.

प्रश्न : उन्हाळ्यातल्या कुरडया-पापड यात होतात का? (धाराशिव)

पापड हलका, पंख्याच्या वाऱ्याने उडून तापलेल्या तारेला लागू शकतो. तो गॅसवर भाजावा, आणि त्यातल्या मिठामुळे रक्तदाब असलेल्यांनी अर्धाच घ्यावा. कुरडई तेलात फुलते तशी हवेत फुलत नाही. सणावारी एखादी तळून खा, फक्त ताज्या तेलात.